स्वस्तातली मधपेटी: किट निवडण्यापासून पेटी जागेवर बसवेपर्यंत

सुट्या भागांची मधपेटी बिघडते ती बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासात. पार्सल फोडलं, फळ्या एकमेकींत बसताहेत असं दिसलं, की लगेच हातोडी हातात येते. गोंद वाळल्यावर लक्षात येतं की एक फळी उलटी लागली आहे, डबा तिरका झाला आहे आणि फ्रेम (माश्या जिच्यात पोळं बांधतात ती लाकडी चौकट) एका कोपऱ्यात अडकते आहे. तोवर खिळे ठोकून झालेले असतात.

स्वस्त किटमध्ये गाठी असलेलं लाकूड येतं, कडा खरखरीत असतात, रंग तर नसतोच. यातलं काहीही माश्यांना खुपत नाही. त्यांना खुपतं ते चुकलेलं अंतर. दोन भागांमध्ये साधारण ६ ते ९ मिलिमीटर जागा असेल तर माश्या ती वाट म्हणून मोकळी ठेवतात. त्याहून कमी असेल तर प्रोपोलिसने, म्हणजे झाडांवरून आणलेल्या राळेने, चिकटवून टाकतात. जास्त असेल तर तिथे वेडंवाकडं पोळं बांधतात. पुढची सगळी खटपट हे अंतर जपण्यासाठी आहे.

खाली दिलेली मापं दहा फ्रेमच्या लँगस्ट्रॉथ पेटीची आहेत. ही पेटी मेलिफेरा माशीसाठी वापरतात. सातेरी माशी लहान, तिची पेटीही लहान, आणि दोन पोळ्यांमधलं अंतरही कमी लागतं. जोडणीचा क्रम तोच राहतो, मापं मात्र बदलतात. म्हणून माशी कोणती पाळणार हे ठरल्याशिवाय किट मागवू नका.

१. किट विकत घेण्याआधी

जाहिरातीत लिहिलेलं 'संपूर्ण किट' बहुतेकदा अपुरं असतं. यादी स्वतः करा आणि विक्रेत्याच्या यादीशी ताडून पाहा. एका पेटीला लागतं ते असं:

- तळपाट आणि दाराची पट्टी (दार लहान करण्यासाठी)
- शिशुकोठी, म्हणजे राणी जिथे अंडी घालते तो खालचा उंच डबा
- मधकोठी, वर ठेवायचा कमी उंचीचा डबा
- दोन्ही डब्यांना पुरतील इतक्या, म्हणजे वीस फ्रेम
- तितकेच मेणपत्रे (फ्रेममध्ये बसवायचे पातळ पत्रे, ज्यांवर माश्या पोळं बांधतात)
- आतलं झाकण आणि पत्रा मारलेलं बाहेरचं झाकण
- स्टँड

मेणपत्रे आणि स्टँड हटकून राहतात. स्मोकर (माश्यांना धूर द्यायचं भांडं), जाळीचा टोप आणि पेटी उघडायची पटाशी यांचा खर्च वेगळा धरा. हे सगळं जोडल्यावर 'स्वस्त' किट कधी कधी साध्या किटच्या बरोबरीला येतं. बेरीज मागवण्याआधीच करून पाहा.

पैसे कुठे वाचवायचे? लाकडाच्या दिसण्यात वाचवा. फळीच्या मध्यावर घट्ट गाठ असेल तर काही बिघडत नाही. मात्र सांध्याच्या खाचेत, फ्रेम टेकायच्या खोबणीत किंवा अगदी कडेला गाठ असेल तर ती फळी फुटणारच. फळीची जाडी १९ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्डाचे डबे फुकट मिळाले तरी घेऊ नका, ओल लागली की फुगून त्यांचे पापुद्रे सुटतात. वाळवीपासून वाचण्यासाठी रसायन पाजलेलं लाकूडही नको.

झाकण न उघडता नळाने मध काढायच्या पेट्यांची स्वस्त नक्कल बाजारात बरीच फिरते. पहिल्या पेटीसाठी तिच्या नादी लागू नये, असं माझं मत. त्या फ्रेमचे प्लास्टिकचे भाग तंतोतंत जुळावे लागतात, आणि स्वस्त मालात नेमकं तेच होत नाही.

सगळे भाग एकाच उत्पादकाकडून घ्या. 'लँगस्ट्रॉथ' हे नाव एकच असलं तरी दोन कारखान्यांच्या डब्यांत काही मिलिमीटरचा फरक पडतो. आठ फ्रेमच्या डब्यांत तर रुंदी सर्रास वेगळी निघते. नॅशनल किंवा डेडंट पद्धतीचे भाग लँगस्ट्रॉथबरोबर मिसळता येत नाहीत.

सावधान: वापरलेल्या जुन्या फ्रेम आणि पोळी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. अमेरिकन फाउलब्रूड या रोगाचे बीजाणू जुन्या मेणात आणि लाकडात दशकानुदशकं जिवंत राहतात. नुसता जुना डबा घेतलाच, तर खरवडून आतून ब्लो टॉर्चने तपकिरी होईपर्यंत शेकून घ्या.

माश्यांची वसाहत कधी मिळणार हे आधी पक्कं करा. पेटी त्या तारखेच्या निदान तीन आठवडे आधी रंगासकट तयार हवी. माश्या दारात आणि गोंद ओला, अशा घाईत काटकोन हमखास चुकतो.

२. पार्सल उघडल्यावर

सगळे भाग जमिनीवर पसरून मोजा. खिळेसुद्धा मोजा, कारण ते कमीच येतात. एका फ्रेमला दहा चुका, म्हणजे बारीक खिळे, लागतात (कुठे कुठे, ते पुढे येतं), म्हणजे वीस फ्रेमना दोनशे. किटमध्ये बहुतेक वेळा यापेक्षा बऱ्याच कमी येतात.

मग टेप घ्या. शिशुकोठीची फळी साधारण २४४ मिलिमीटर उंच असते, फ्रेम २३२. लाकूड वाळताना फळीच्या रुंदीत आक्रसतं, त्यामुळे उंची थोडी कमी भरली तर घाबरू नका. पण २३८ च्या खाली गेली तर वरच्या आणि खालच्या डब्यातल्या फ्रेममध्ये माशीला वाट उरत नाही. अशी फळी परत करा. चारही फळ्या एकाच उंचीच्या आहेत का, तेही पाहा. एक जरी २ मिलिमीटरने उंच असेल तर डब्यावर डबा ठेवल्यावर फट पडेल.

सपाट फरशीवर प्रत्येक फळी ठेवून कोपरे दाबा. जराशी डुलणारी फळी जोडताना सरळ होते. पिळवटलेली होत नाही. तिचा फोटो काढून बदलून मागा. एकदा गोंद लावला की कुणी बदलून देत नाही.

फळ्यांना हात लावल्यावर तेलकट-मेणकट लागतं का? काही किटमधलं लाकूड आधीच मेणात बुडवलेलं असतं. त्यावर गोंद धरत नाही आणि रंगही बसत नाही. असं किट फक्त खिळ्यांनी किंवा स्क्रूने जोडायचं आणि रंगाचा टप्पा सोडून द्यायचा.

३. कोरडी जुळणी

हा टप्पा सगळे गाळतात. गोंद नाही, खिळा नाही. चार फळ्या नुसत्या खाचांत बसवा, रबरी हातोडीने किंवा लाकडाचा ठोकळा मध्ये धरून हलके ठोका, आणि डबा उभा करा. आता चार गोष्टी पाहा:

- हात घालायच्या चारही खोबणी बाहेरच्या बाजूला आहेत.
- खोबणी फळीच्या मध्याच्या थोड्या वर आहेत आणि त्यांची बोटं अडकायची कड वर आहे. एखादी फळी उलटी लागली तर बोटं निसटतात. मधाने भरलेला उंच डबा ३५ ते ४० किलोचा होतो. तो हातातून निसटणं परवडत नाही.
- फ्रेम टेकायची खोबण दोन आखूड फळ्यांना आहे, वरच्या कडेला, आतल्या बाजूने.
- चारही वरच्या कडा एका पातळीत आहेत.

आता एक फ्रेमही कोरडीच जुळवा आणि डब्यात टांगा. डब्यावर सरळ पट्टी आडवी ठेवा आणि पट्टीपासून फ्रेमच्या वरच्या दांडीपर्यंतचं अंतर मोजा. ते ६ ते ९ मिलिमीटर हवं. फ्रेमच्या दोन्ही टोकांच्या उभ्या पट्ट्या आणि डब्याची भिंत यांच्यात साधारण ८ मिलिमीटर जागा दिसली पाहिजे.

वरचं अंतर शून्याच्या जवळ असेल तर खोबण उथळ कापली गेली आहे. सुताराच्या पटाशीने ती खोल करा. अंतर १२-१३ असेल तर खोबणीत पातळ पट्टी बसवून फ्रेम उचलून घ्या. हे काम आता दहा मिनिटांचं आहे. आता टाळलं तर माश्या आल्यावर दर वेळी झाकण उघडताना फ्रेमही चिकटून वर येतात.

सगळं जमलं की फळ्यांच्या आतल्या बाजूला पेन्सिलने खुणा करा: पुढची, मागची, डावी, उजवी, आणि वर दाखवणारा बाण. मग सुटं करा.

४. डबा: गोंद, काटकोन, मग खिळे

क्रम हाच ठेवा. गोंद बाहेर वापरायचा, पाणी न लागणारा, सुतारकामाचा असावा. खाचांच्या ज्या बाजू एकमेकींना भिडतात त्या प्रत्येक बाजूला पातळ थर लावा. नुसत्या टोकांना गोंद लावून उपयोग नाही. फळ्या बसवा, बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसा आणि शिकंजे (क्लॅम्प) लावा. शिकंजे नसतील तर दोरीचे दोन वेढे घालून मध्ये काठीने पीळ दिला तरी चालतं.

आता कर्ण मोजा. एका बाहेरच्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांचा. डबा बाहेरून ५०५ बाय ४१३ मिलिमीटर असेल तर दोन्ही कर्ण ६५२ च्या आसपास येतील. नेमका आकडा महत्त्वाचा नाही, दोन्ही सारखे येणं महत्त्वाचं. दोन मिलिमीटरपर्यंतचा फरक चालेल. त्याहून जास्त असेल तर ज्या कोपऱ्यांमधला कर्ण लांब आहे ते दोन कोपरे हातांनी आत दाबा आणि पुन्हा मोजा. गुण्या लावून एकच कोपरा पाहणं पुरत नाही, कारण फळी जराशी वाकलेली असली तरी तो कोपरा काटकोनात दिसतो.

खिळे जस्ताचा मुलामा दिलेले आणि साधारण ५५ मिलिमीटर लांबीचे घ्या. आधी प्रत्येक कोपऱ्यात एकेक खिळा अर्धा ठोका आणि कर्ण पुन्हा मोजा. ठोकताना डबा हलतोच. मोजमाप बरोबर असेल तर पूर्ण ठोका, मग बाकीचे. सांध्याच्या प्रत्येक दातात एक खिळा, म्हणजे एका कोपऱ्यावर दोन्ही दिशांनी खिळे येतात. सगळ्यात वरच्या दातात, जिथे आखूड फळीला खोबण कापलेली असते, तिथे लाकूड पातळ राहतं. तिथे आधी ड्रिलने बारीक भोक पाडा, नाहीतर फळी उभी फुटेल. गाठीजवळही तसंच करा.

तपासा: डबा सपाट जागेवर ठेवून चारही कोपरे दाबा. डुलत असेल तर गोंद ओला असतानाच पीळ काढा. रात्रभर वजन ठेवून वाळू द्या.

मधकोठीही अशीच. तळपाट आणि झाकणं बहुधा जोडूनच येतात. तळपाट दोन्ही बाजूंनी वापरता येणारा असेल तर एका बाजूची कड सुमारे १९ मिलिमीटर उंच असते आणि दुसरीची १० च्या आसपास. उंच कडेची बाजू वर ठेवा.

५. फ्रेम: इथे वेळ द्या

डबा एकदा जागेवर बसला की हलत नाही. फ्रेम मात्र दर तपासणीला उचलायची असते, आणि तीही राळेने चिकटलेली. पटाशी घालून वरची दांडी उचलताना सगळा ताण दांडी आणि उभ्या पट्ट्यांच्या सांध्यावर येतो. स्वस्त किटच्या सूचनापत्रात दांडीवरून खाली चार खिळे मारायला सांगतात आणि विषय संपवतात. ते खिळे ज्या दिशेने मारले त्याच दिशेने आपण दांडी ओढत असतो, त्यामुळे ते सरळ उपसून येतात. दांडी हातात, आणि माश्यांनी भरलेलं पोळं डब्यातच, अशी पंचाईत होते.

म्हणून एका फ्रेमला दहा चुका, प्रत्येक साधारण ३० मिलिमीटरची:

- वरच्या दांडीतून खाली, प्रत्येक उभ्या पट्टीत दोन (एकूण चार)
- खालच्या दांडीतून वर, प्रत्येक उभ्या पट्टीत दोन (एकूण चार)
- दांडीचं टोक बाहेर येतं त्याच्या खाली, उभ्या पट्टीतून आडवी, दांडीत शिरणारी एक. दोन्ही टोकांना (एकूण दोन)

ती शेवटची आडवी चूक हीच फ्रेमची खरी पकड. सांध्यांना गोंदही लावाच.

उभ्या पट्ट्यांच्या वरच्या रुंद भागाकडे नीट पाहा. काही किटमध्ये त्याची एक कड टोकदार असते आणि दुसरी सपाट. जोडताना अशी ठेवा की एका टोकाची टोकदार कड जवळच्या बाजूला आली तर दुसऱ्या टोकाची पलीकडच्या बाजूला जाईल. असं केलं की फ्रेम कशीही फिरवून ठेवली तरी शेजारच्या फ्रेमच्या सपाट कडेला टोकदार कडच टेकते. कडा जिथे टेकतात तिथे राळेला जागा कमी मिळते आणि फ्रेम सहज सुटतात.

फ्रेमचाही काटकोन पाहा: टेबलावर आडवी ठेवली तर चारही कोपरे टेकले पाहिजेत. गोंद ओला आहे तोवर पिळून सरळ करता येते.

दहा फ्रेम एकदम जोडायच्या असतील तर टाकाऊ फळ्यांचा एक साचा करा. वीस उभ्या पट्ट्या त्यात उभ्या करायच्या, दहा दांड्या वरून गोंद लावून ठोकायच्या, साचा उलटा करून खालच्या दांड्या ठोकायच्या. साचा करायला तासभर जातो, पण सगळ्या फ्रेम एकसारख्या येतात.

६. मेणपत्रा

शुद्ध मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं. त्यात पॅराफिन मिसळलं असेल तर पत्रा लवकर मऊ पडून लोंबतो. वासावरून बरंच कळतं: खऱ्या मेणाला मधाचा वास येतो, भेसळीच्या मेणाला मेणबत्तीचा.

मेणाच्या पत्र्याला तार हवीच. उभ्या पट्ट्यांच्या भोकांत आधी पितळी नळ्या बसवा, नाहीतर ताणलेली तार लाकडात रुतून सैल पडते. तार ओवा, एक टोक बारीक खिळ्याला गुंडाळा, दुसरं पकडीने ताणा. बोटाने छेडल्यावर टणकन आवाज आला की ताण पुरेसा. मग पत्रा तारांवर ठेवून दातेरी चाक फिरवून तार मेणात रुतवा. गार हवेत पत्रा काचेसारखा तडकतो. कामाआधी तो उबदार खोलीत ठेवा.

प्लास्टिकचा पत्रा बसवायला सोपा, नुसता खोबणीत सरकवायचा. पण स्वस्त किटमध्ये त्यावर मेणाचा थर नावालाच असतो आणि माश्या कोऱ्या प्लास्टिकवर पोळं बांधायला कां-कूं करतात. मेण वितळवून ब्रशने दोन्ही बाजूंना एक हात द्या.

सावधान: मेण थेट आचेवर कधीही वितळवू नका, पेट घेतं. पातेल्यात पाणी, त्यात दुसरं भांडं, त्यात मेण. आणि ते भांडं पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका.

मेणपत्रे वसाहत येण्याच्या एक-दोन दिवस आधीच बसवा. महिनाभर आधी बसवून उन्हाळ्यात बंद खोलीत ठेवले तर वाकतात.

७. रंग

फक्त बाहेरून. पाण्यात मिसळणारा, घराबाहेरच्या भिंतींचा रंग, फिकट छटा, दोन हात. डब्याच्या आत, फ्रेमवर आणि डब्यांच्या वरच्या-खालच्या कडांवर रंग नको. कडांना लावला तर डबे एकमेकांना चिकटतात. रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत पेटी उघडी ठेवा. रंगाऐवजी जवसाचं तेल लावलं तर तेलाचे बोळे चुरगळून टाकू नका, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.

८. जागेवर बसवणं

स्टँड गुडघ्याच्या आसपास उंचीचा आणि मजबूत हवा. भरलेल्या पेटीचं वजन शंभर किलोकडे जाऊ शकतं. मुंग्यांचा त्रास असेल तर स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. त्या कोरड्या पडल्या की मुंग्या त्याच दिवशी चढतात.

स्पिरिट लेव्हल दोनदा ठेवा. डावी-उजवी बाजू अगदी समपातळीत हवी, कारण पोळं ओळंब्यात खाली लोंबतं. पेटी कलली असेल तर ते मेणपत्रा सोडून शेजारच्या फ्रेमवर जातं. पुढे-मागे मात्र दाराकडे थोडा उतार द्या, पावसाचं पाणी बाहेर पडेल.

सुरुवातीला फक्त शिशुकोठी ठेवा. दहाच्या दहा फ्रेम घाला आणि एकमेकींना घट्ट भिडवा. दहा फ्रेम मिळून ३५० मिलिमीटर, डबा आतून सुमारे ३७५. उरलेली जागा दोन्ही कडांना सारखी वाटून द्या. हवा खेळावी म्हणून फ्रेममध्ये फटी ठेवायचा मोह होतो. तो आवरा, त्या फटींतच आडवी पोळी येतात. दाराची पट्टी सगळ्यात लहान तोंडावर ठेवा. नवी वसाहत मोठं दार राखू शकत नाही.

मधकोठी खालच्या सात-आठ फ्रेमवर पोळी बांधून झाल्यावरच चढवा. राणीजाळी (राणीला मधकोठीत जाऊ न देणारी जाळी) किटमध्ये आली असली तरी इतक्यात घालू नका. नुसत्या मेणपत्र्यांच्या कोठीखाली जाळी असली की माश्या वर जायला तयार होत नाहीत.

९. पहिल्या तपासणीत

आठवड्याभराने झाकण उघडा आणि तीन जागा पाहा: आतल्या झाकणाची खालची बाजू, कडेच्या फ्रेम आणि भिंत यांच्यामधली जागा, आणि फ्रेमच्या टोकांची जागा. झाकणाला पोळं लोंबत असेल तर वरचं अंतर जास्त आहे. झाकण राळेने गच्च चिकटलं असेल तर ते कमी आहे. दोन फ्रेमना जोडणारं आडवं पोळं दिसलं तर ते ताजं आणि मऊ असतानाच कापा, तुकडा रिकामा असेल तर बाजूला काढा, आणि त्यात अंडी असतील तर रबर बँडने त्याच फ्रेमवर सरळ बांधा. महिनाभर तसंच राहू दिलं तर पुढची पोळीही त्याच वळणाने बांधली जातात, आणि मग एकही फ्रेम आख्खी बाहेर निघत नाही.